उरलेले सात टक्के

माझी बायको कुणाच्याही घरी गेली की आधी खाली बघते, माणसं नंतर. आमच्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी हसतमुखानं दार उघडलं, "या, या" म्हणाल्या, आणि ही उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसली. त्यांना वाटलं चक्कर आली. त्या पाणी आणायला धावल्या. मी ओळखून होतो. दाराजवळच्या एका फरशीचा कोपरा उडाला होता आणि आत काय आहे ते हिला बघायचं होतं. "सिमेंट आहे," उठता उठता ती मला म्हणाली, "वरचा थर तेवढा रंगीत." तरीही लग्न झालं, हा विहीणबाईंचा मोठेपणा.

कस्टमच्या ऑफिसात तिला फरशीबाई म्हणतात. तिथं तिचं खरं नाव शिपायालासुद्धा आठवत नसेल. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक मालाला एक आकडा द्यावा लागतो, सुई असो नाहीतर क्रेन. कर किती बसायचा ते त्या आकड्यावर ठरतं. माल आणणारा एक आकडा सांगतो, आणि तो बरोबर की चूक हे बघायला माझ्या बायकोसारखी माणसं बसलेली असतात. हिच्या टेबलावर दगड, सिमेंट, चिनीमाती आणि काच. एकोणीस वर्षं तेच टेबल.

तुमच्याआमच्यासाठी फरशी म्हणजे फरशी. हिच्या लेखी तिची तीन घराणी. माती भट्टीत भाजून केलेली एक, डोंगरातून कापून काढलेली दुसरी, आणि दगडाचा चुरा सिमेंटात नाहीतर कसल्याशा राळेत कालवून साच्यात घट्ट केलेली तिसरी. या तिसऱ्या घराण्यात सिमेंटच्या फरश्या आणि कृत्रिम दगड एकाच आकड्याखाली नांदतात. पॉलिश करून शेजारी शेजारी ठेवल्या तर तिघी सख्ख्या बहिणी वाटतील. "भाजलीय, कापलीय की बांधलीय?" एवढंच विचारायचं असतं, असं ती म्हणते. पण त्या एवढ्याशा प्रश्नासाठी तिच्या खणात हातोडी, भिंग, ॲसिडची बाटली आणि त्या आकड्यांचं, ठिगळं लावलेलं टॅरिफचं पुस्तक असतं.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, मी मागच्या खोलीत बसून दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो. खरं आणि बनावट यांच्यातल्या फरकावर आम्हा दोघांचंही पोट चालतं. माझं काम तो फरक कुणाला कळू न देण्याचं, हिचं तो शोधून काढण्याचं.

स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नाही. चहा उभ्यानं पिते. वर्तमानपत्र चालता चालता वाचते, त्यामुळे पान दोन स्वयंपाकघरात आणि पान पाच गॅलरीत सापडतं. लग्नाआधी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरीच्या पायाला भिंगरी आहे, जावईबापू. दुपारची झोप विसरा." विसरलो. तीस वर्षं झाली.

आता जे सांगतोय ते दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी सुरू झालं, आणि सुरू माझ्यामुळे झालं.

माझ्या घासायच्या चाकावर राळेची पुटं चढली होती. ती खरवडायला फिरत्या चाकाला एखादा खडबडीत दगड टेकवायचा असतो. माझा दगड सापडेना. स्वयंपाकघराच्या खिडकीत फरशीचा एक तुटका तुकडा असायचा, वाऱ्यानं झडप आपटू नये म्हणून ठेवलेला. पांढरा, राखाडी शिरांचा, हातात घेतला की गार लागणारा. हिनंच कधीतरी ऑफिसातून आणलेला. नमुन्यांची मुदत संपली की ते टाकूनच देतात. मी तो उचलला, चाक सुरू केलं आणि तुटकी कड टेकवली.

वास आला.

दगड घासला तर धूळ उडते, फार तर नाकात खाज येते. हा वास गोडसर होता, टाळूला चिकटणारा. कवळीचा गुलाबी भाग चाकावर जरा जास्त वेळ धरला की असाच येतो. अगदी तोच नव्हे, पण त्याच भावकीतला. मी चाक थांबवलं आणि गमतीनं ओरडलो, "अगं, तुझ्या दगडाला वास येतोय!"

ती ओले हात पुसत आली. तुकडा नाकाशी धरला. "पुन्हा घासा," म्हणाली. मी घासला. "पुन्हा." मग तिनं सुई गॅसवर लाल करून त्या कडेला टेकवली. जरासा धूर, पिवळसर डाग, आणि परत तोच वास.

ती खाली बसली. माझ्या खोलीत, त्या सगळ्या भुशात, भिंतीला टेकून. ती बसलेली पाहून मीच उभा राहिलो.

"काय झालं?"

"हा दगड नाही," ती म्हणाली.

"मग नसेल. त्यात एवढं काय?"

"मी लिहून दिलंय ना, हा सगळा माल दगड आहे म्हणून. अकरा वर्षांपूर्वी. आणि त्या माणसाला खोटारडा म्हटलंय."

मग तुकड्या-तुकड्यानं तिनं सांगितलं. शाळेतून निवृत्त झालेल्या एका ड्रॉइंग मास्तरांनी फरश्यांचं छोटं दुकान काढलं होतं. त्यांचा पहिलाच कंटेनर आला. कागदावर त्यांनी कृत्रिम दगड लिहिलं होतं. हिनं मागची बाजू बघितली तर करवतीच्या खुणा. साच्यात ओतलेल्या फरशीला करवत कशाला लागेल? ॲसिडचा थेंब टाकला, फसफसला, म्हणजे संगमरवर. प्रयोगशाळेनंही कळवलं, संगमरवर त्र्याण्णव टक्के. मास्तर टेबलासमोर उभे राहून हात जोडून सांगत होते, "अहो बाई, मी स्वतः म्हणतोय माझा माल नकली आहे, आणि तुम्ही म्हणताय खरा! असं उलटं भांडण कुणी पाहिलंय का?" ऑफिसातले सगळे हसले होते. ही पण हसली होती. आणि मग निर्णयात लिहिलं होतं: आयातदाराने कमी कराचा लाभ मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली.

"‘जाणूनबुजून’ लिहायची गरज नव्हती," ती म्हणाली. "पण मी लिहिलं. वाक्य छान जमलं म्हणून लिहिलं असेन."

"पण करवतीच्या खुणा होत्या ना?"

"मोठा ठोकळा ओततात आणि नंतर डोंगरासारखा कापतात. आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. आणि उरलेले सात टक्के काय आहेत, ते मी विचारलंच नाही हो!"

त्या दिवसापासून घरातली शांतता गेली. मुळात ती फार नव्हतीच. पहाटे पाचला गॅलरीत चपलांचा आवाज. जेवताना मध्येच उठायची, टॅरिफचं पुस्तक आणायची, घास हातातच. मी म्हटलं, "आधी प्रयोगशाळेत तर दे." म्हणाली, "देणारच आहे. पण मला उत्तर माहीत आहे आणि ते तिथून येईपर्यंत मी काय करू?"

प्रयोगशाळेतल्या रसायनवाल्याला ते लोक चिमटा म्हणतात, कारण तो चहाचा कपसुद्धा चिमट्यात धरेल असा माणूस आहे. त्यानं तुकडा ॲसिडमध्ये बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळा संगमरवर विरघळून गेला आणि तळाशी त्याच तुकड्याच्या आकाराचं, मधाच्या रंगाचं, जाळीदार काहीतरी उरलं. फुंकर घातली तर हलेल इतकं हलकं. दगड ज्यानं धरून ठेवला होता ती राळ. सात टक्के.

"अकरा वर्षांपूर्वी हे का नाही सांगितलंत?" हिनं विचारलं.

"बाई, तुम्ही विचारलं होतं संगमरवर किती. मी सांगितलं त्र्याण्णव. जेवढं विचारतात तेवढंच सांगायची मला सवय आहे."

तिला त्याचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, निदान तो कुणावर तरी निघाला असता.

गेल्याच आठवड्यात तसल्याच मालाचा एक कंटेनर तिच्या टेबलावर आला होता. जुन्या निर्णयाचा दाखला जोडून तो दगडात ढकलायचा कागद तयारही होता. तो तिनं फाडला आणि नव्यानं सहा पानं लिहिली. दगडाच्या भुकटीला राळेनं बांधलं की तो कृत्रिम दगड, मग भुकटी कितीही खरी असो आणि फरशी करवतीनं कापलेली का असेना. शेवटी एक परिच्छेद घातला: याआधी मी दिलेला निर्णय चुकीचा होता, आणि त्या आयातदाराने दिलेली माहिती खरी होती.

तिच्या साहेबांनी सहा पानं मान डोलावत वाचली आणि शेवटच्या परिच्छेदाशी चष्मा काढला.

"नव्या मालाचं तुमचं म्हणणं पटलं," ते म्हणाले. "पण जुनं मढं कशाला उकरताय? अकरा वर्षं झाली. सगळ्या मुदती संपल्या. तो माणूस हयात आहे का तेही माहीत नाही."

"म्हणूनच घाई आहे, साहेब."

"बरं, लिहायचंच असेल तर असं लिहा: पूर्वीचा निर्णय त्या वेळी उपलब्ध माहितीवर आधारित होता."

"माहिती उपलब्ध होती. मी विचारलं नाही."

"निदान हे ‘मी’ तरी काढा. सरकारी कागदात ‘मी’ नसतो. ‘या कार्यालयाने’ लिहा."

"साहेब, कार्यालयाला पेन धरता येत नाही. खोटारडा मी लिहिलं होतं."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं कागद खणात ठेवला आणि म्हणाला, "बघतो." त्या ऑफिसात ‘बघतो’ म्हणजे निदान सहा महिने.

तेवढा धीर हिच्याकडे कुठला! फाइलमधून मास्तरांच्या दुकानाचा पत्ता काढून ती पुढच्या शनिवारी बसनं गेली. तिथं आता चष्म्यांचं दुकान होतं. चष्मेवाल्यानं घरमालकाकडे पाठवलं, घरमालक गावाला गेलेला. दुसऱ्या शनिवारी घरमालक भेटला. त्यानं सांगितलं, मास्तर गेले नदीपलीकडे, पाट्या रंगवतात म्हणे. तिसऱ्या शनिवारी ही नदीपलीकडच्या बाजारात दुकानांच्या पाट्या बघत हिंडली. एका कुलूपवाल्याच्या पाटीवरचा ‘कु’ इतका डौलदार होता की तिला वाटलं हा शिकवून शिकवून घोटलेला हात आहे. तिनं कुलूपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "समोरची गल्ली, दुसरा मजला. पण जरा जपून, म्हातारा तिखट आहे."

ती वर गेली नाही. घरी आली आणि मला म्हणाली, "उद्या तुम्ही चला."

"मी कशाला?"

"मी पळून आले तर परत न्यायला."

मास्तरांची खोली लांबट होती. खिडकीपासून दारापर्यंत पाट्या वाळत टेकवलेल्या, टर्पेंटाइनचा वास, आणि मध्ये स्टुलावर पंचाहत्तरीचा एक सडसडीत माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी हिला क्षणात ओळखलं.

"फरशीबाई! या. आज माझा कुठला माल खरा ठरवायला आलात?"

हिनं वाक्यं पाठ करून आणली होती. बसमध्ये ओठ हलत होते ते मी पाहिलं होतं. त्यातलं एकही आलं नाही. उभ्या उभ्या ती घडाघडा बोलली: चाक, वास, सात टक्के, ‘जाणूनबुजून’. "तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला खोटं ठरवलं. तुमचं दुकान माझ्यामुळे गेलं."

मास्तर ब्रश धुवत राहिले. डब्यातलं टर्पेंटाइन गढूळ झालं तरी धुवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आधी बसा. उभ्या राहिलात की मी कस्टममध्ये असल्यासारखं वाटतं मला."

ती स्टुलाच्या कडेवर टेकली.

"दुकान तुमच्यामुळे गेलं नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या कागदामुळे ते दोन वर्षं मस्त चाललं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तुमचा निर्णय मी काचेत बसवून दुकानात लावला होता. रागानं. म्हटलं, लोकांना दाखवू सरकार कसं आंधळं आहे ते. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, ‘अय्या, म्हणजे हा खरा संगमरवर आहे!’ मी बोलायला तोंड उघडलं." मास्तरांनी खरंच तोंड उघडून दाखवलं. "आणि मिटलं. मनात म्हटलं, सरकार मला खोटारडा म्हणतंच आहे, मग फुकट कशाला बदनाम व्हा? त्यानंतर मला बोलायची वेळच आली नाही. कागद बोलायचा. चौदा घरांत मी तो माल खरा दगड म्हणून घातला."

"मग बंद का केलंत?" मी विचारलं.

"त्या चौदातली एक बाई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देते. पुढच्या खोलीतच तिचं काम. तिनं एकदा तापलेली इस्त्री खाली ठेवली. पिवळा डाग पडला, इस्त्रीच्या आकाराचा. ती दुकानात आली. मला वाटलं, आता माझी शंभरी भरली. तर ती माझी माफी मागायला आली होती. ‘तुमचा एवढा चांगला दगड, माझ्या हातून नासला,’ असं म्हणाली आणि रडली. मी तिला सांगितलं, ‘असू दे, होतं असं.’ संध्याकाळी शटर ओढलं ते ओढलंच."

मास्तरांनी ब्रश पुसून डब्यात ठेवला. मग मास्तर म्हणाले, "तेव्हा बाई, मला खोटारडा लिहिलंत ते पुढे खरंच ठरलं. फक्त तारीख चुकली."

परतीच्या बसमध्ये जागा असून ती बसली नाही. दांडीला धरून उभी. "मी त्यांना खोटारडा लिहिलं तेव्हा ते खरे होते," ती म्हणाली. "आता खरे होते असं लिहायला निघाले, तर मध्ये हे चौदा. आता मी काय करायचं? तो परिच्छेद परत मागू?"

पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवून पाहिलं. मी आवाज खाली आणला. "तू कशाचा निर्णय दिला होतास? त्या कंटेनरचा. त्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं की नाही?"

"सांगितलं."

"मग तेवढंच लिही. पुढचं त्यांनी बघायचं."

"एकट्यानं?"

तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की तो प्रश्न नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. मास्तरांकडे चित्राच्या वहीत चौदाही घरांचे नकाशे होते, खोली, खिडकी, दार, फरशीची मांडणी सगळं पेन्सिलीनं रेखलेलं. त्यांना इस्त्रीवाल्या बाईंकडे शेवटी जायचं होतं. हिनं हट्ट धरला नाही. इतर वेळी धरला असता.

पहिलं घर जहाजावरच्या एका निवृत्त इंजिनिअरचं. त्यानं सगळं दारातच ऐकून घेतलं, लाल झाला, मास्तरांना म्हणाला, "चोर आहात तुम्ही," आणि हिला म्हणाला, "आणि तुम्ही चोराला सर्टिफिकेट देणाऱ्या." दार आपटलं. जिन्यात मास्तर म्हणाले, "बरोबर बोलला." ही दोन-दोन पायऱ्या उतरत होती.

दुसरं घर म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. त्यांनी एका बोक्याला इंजेक्शन देता देता ऐकलं. "मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "खऱ्या दगडावर कुत्र्यानं मुतलं की डाग पडतो. यावर पडत नाही. मी तर तुमची आभारी आहे, पण तसं सांगितलं तर तुम्ही बिघडाल." बोका गुरगुरला. आम्ही बाहेर आलो आणि मास्तर रस्त्यात उभे राहून इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं.

असं करत करत चार रविवार गेले. एका घरी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. एका घरी मालक मेला होता आणि मुलानं फरशीच बदलली होती. एका बाईंनी आपली तक्रार हिच्याकडे लेखी नोंदवून घ्यायला लावली आणि खाली हिची सही घेतली. हिनं ती दिली. मी मागे उभा राहून घाम पुसत होतो, कारण सरकारी नोकरानं असल्या कागदावर सही करायची नसते हे मलासुद्धा कळत होतं.

"काढून टाकतील तुला," मी नंतर म्हटलं.

"काढू देत. मग मला बसावं लागेल," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा हसली.

पाचव्या रविवारी इस्त्रीवाल्या बाई. मास्तरांनी दाढी केली होती, गाल कापून घेतला होता. खोलीत वाफ, ओळीनं टांगलेले शर्ट, आणि टेबलामागे एक ठेंगणी, दंड भरलेली बाई. "मास्तर! किती वर्षांनी!" तिनं इस्त्री उभी करून ठेवली. मास्तरांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. ती नीट ऐकत होती. मध्ये एकदा तिनं हिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा मास्तरांकडे.

"म्हणजे खरा दगड असता तर डाग पडला नसता?"

"नसता पडला," मास्तर म्हणाले. "असा तरी नाही."

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"नव्हती."

ती टेबलामागून बाहेर आली. भिंतीजवळ एक जाडसर पायपुसणं होतं. ते तिनं पायानं बाजूला सारलं. खाली इस्त्रीचा पिवळा ठसा, टोकदार, अगदी स्पष्ट. "नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी यावर हे टाकतेय. पाहुणे आले की यावर उभी राहते. नवरा येता-जाता म्हणतो, बघा, एवढा भारी दगड आणला आणि या बाईनं जाळला. नऊ वर्षं!" तिनं पायपुसणं उचललं आणि मास्तरांच्या अंगावर फेकलं. ते त्यांच्या छातीवर आपटून खाली पडलं. मास्तर हलले नाहीत.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मी तुमच्यासमोर रडले होते."

"भ्यालो," मास्तर म्हणाले.

ती हिच्याकडे वळली. "आणि तुम्ही?"

"मी विचारायचं ते विचारलं नाही," ही म्हणाली. "खात्री होती म्हणून."

बाईनं कमरेवर हात ठेवले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून तिनं नवऱ्याला हाक मारली, "अहो, बाहेर या! आणि हे तिघं काय म्हणतात ते कान उघडून ऐका." नवरा बनियनवर आला. मास्तरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं त्याला खालचा ठसा दाखवला. तो "असं होय" म्हणाला. ती म्हणाली, "नुसतं असं होय नाही. आता नऊ वर्षांचं बोलणं मागं घ्या." त्यानं घेतलं, पुटपुटत, पण घेतलं. मास्तर फरशी बदलून देतो म्हणाले, तर ती म्हणाली, "हात लावू नका. राहू दे. आता तो माझा नाही, तुमचा डाग आहे."

चहा तिनं दिला नाही. निरोप मात्र दारापर्यंत येऊन दिला.

साहेबांचं ‘बघतो’ सात महिन्यांनी संपलं. नवा माल कृत्रिम दगडात गेला, आणि पुढे येणाऱ्यांसाठी तेच वळण पडलं. जुन्या फाइलीत एक शेरा चढला: आयातदाराने दिलेली माहिती खरी होती; विपरीत नोंद रद्द समजावी. ‘मी’ नव्हता, ‘या कार्यालयाने’ होतं. तेवढ्यावरून ही आणखी एक अर्ज करायला निघाली होती. मीच तिला टाइपरायटरसमोरून उठवलं. हिलाही एक ताकीद मिळाली, बाहेरच्या कागदावर सही केल्याबद्दल. ती तिनं वाचली, बरोबर आहे म्हणाली आणि कपाटात ठेवली.

शेऱ्याची प्रत तिनं स्वतः मास्तरांना नेऊन दिली. मास्तरांनी ती दोनदा वाचली. "‘विपरीत’ची वेलांटी चुकलीय," म्हणाले, आणि लाल पेन्सिलीनं दुरुस्त केली. मग कागद घडी घालून खिशात ठेवला, भिंतीवर लावला नाही. "तुम्हाला बरं वाटलं का?" त्यांनी हिला विचारलं.

"नाही," ही म्हणाली. "तुम्हाला?"

"थोडं. जेवल्यावर वाटतं तेवढं."

चौदातली बारा घरं झाली. दोन माणसं घर विकून कुठं गेली ते कळत नाही. एकाचा पत्ता पोस्टातल्या एका बाईकडून मिळण्यासारखा आहे असं हिचं म्हणणं आहे. दुसऱ्याबद्दल काहीच धागा नाही, आणि तोच तिला जास्त छळतो. मी कवळ्यांची सकाळची डिलिव्हरी आटोपून येतो तोवर ती तयार होऊन जिन्यात उभी असते, पिशवीत मास्तरांची चित्राची वही.

"अगं, पोस्ट दहाला उघडतं," मी म्हणतो. "आत्ता आठ वाजलेत."

"मग चालत जाऊ," ती म्हणते आणि उतरायला लागते.